चवीचा पंचनामा

कोणीच काही बोलेना.

दुकानातल्या बाकावर तीन प्रतिष्ठित गृहस्थ खांद्याला खांदा लावून बसले होते. माझ्या एकुलत्या एका खुर्चीत आबकारी खात्याचे इन्स्पेक्टर खासनीस साहेब होते. इंदापुराहून आणलेला छापील कागद त्यांनी मांडीवरच्या फळीवर पसरला होता, टाक दौतीत बुडवला होता आणि बगळा पाण्यावर मान धरतो तसा तो सातव्या रकान्यावर धरून ठेवला होता. टाकाच्या टोकाशी शाईचा एक थेंब लोंबत होता. तो थेंब अगोदर पडतो की बाकावरून एखादा शब्द पडतो, याची मी वाट पाहत होतो.

सातव्या रकान्यात प्रश्न होता : ‘मालाची चव कशी वाटली?’

पंचांनी चव घेतल्याला पाच मिनिटे होऊन गेली होती. जळोचीचे तात्याबा छताकडे पाहत होते. शेजारचा सोनबा शिंपी जमिनीकडे पाहत होता. वडगाव निंबाळकरच्या रामहरीने तर डोळेच मिटून घेतले होते.

“बोला,” साहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

रस्त्यावरून उसाची एक गाडी करकरत गेली.

या तिघांपैकी एकाने जरी ‘गोड लागली’ एवढे दोन शब्द उच्चारले असते, तरी माझे द्राक्षासव त्याच क्षणी औषध न राहता दारू ठरणार होते. मग त्याच्या चार पेट्या समोरच्या गटारात रित्या व्हायच्या, दुकानाच्या कुलपाला लाखेची मोहोर लागायची, आणि आधुनिक काव्यातील विषादावर कॉलेजात निबंध वाचलेला हा बी. ए. दौंडला मेहुण्याच्या आडतीत गुळाच्या ढेपांवर नंबर घालायला जायचा. नंबर घालण्याचा कुंचला मेहुण्याने आणून ठेवला होता. तसे त्याने पत्रात कळवलेही होते.

म्हणजे त्यांनी बोलू नये यातच माझे कल्याण होते. आणि तरीही माझ्या अंतःकरणाच्या तळाशी एक लहानशी, निर्लज्ज इच्छा वळवळत होती, की एकाने तरी म्हणावे, ‘मोहनराव, काय चीज आणलीत!’

वास्तविक मला कोणालाही काही सिद्ध करून दाखवायचे नव्हते. मला फक्त चव द्यायची होती.

कसब्यातल्या आमच्या आळीत माझे आसवांचे दुकान होते. औषधी आसवे आणि अरिष्टे विकण्याचा रीतसर परवाना भिंतीवर चौकटीत लावलेला होता. गिऱ्हाइके म्हणाल तर बाळंतिणींचे नवरे, पोट धरून येणारे म्हातारे आणि पलीकडच्या घरातल्या छबूबाई. छबूबाई गुडघ्यांसाठी रोज एक चमचा घेत. गुडघे बरे झाले तेव्हा त्यांनी कंबर दुखू लागल्याचे मला सांगितले, आणि कंबर बरी होण्याचा संभव दिसताच खांदा राखून ठेवला.

चौतीस सालच्या माघात नाशिककडच्या एका वृद्ध वैद्यांनी तीन वर्षे मुरलेल्या द्राक्षासवाच्या चार पेट्या मला पाठवल्या. दौंडहून येणाऱ्या आमच्या छोट्या आगगाडीने त्या बारामतीला आल्या. मी पहिली बाटली उजेडात धरली आणि काही काळ तशीच धरून उभा राहिलो. नीरेच्या पात्रावर सूर्य बुडाल्यानंतर जी एक तांबूस, दुखरी रेघ पाण्यावर उरते, ती कोणीतरी अलगद उचलून काचेत ठेवली होती आणि वर बूच मारले होते. आजवर मी जे जे विकले, ते ते लोकांनी डोळे मिटून आणि नाक दाबून घेतले होते. हे डोळे उघडे ठेवून घेण्यासारखे होते.

परदेशांत म्हणे द्राक्षांची आसवे विकणारे दुकानदार नवा माल आला, की गिऱ्हाइकाला प्रथम घोटभर देतात. गिऱ्हाईक तो जिभेवर घोळवते, क्षणभर शून्यात पाहते आणि मग आपले मत सांगते. हे मी एका पुस्तकात वाचले होते. बारामतीच्या जिभेला तेवढा मान का नसावा, असा प्रश्न मला पडला, आणि प्रश्न पडला की तो तडीस नेल्याशिवाय मला राहवत नाही. दर रविवारी सकाळी नव्या मालाची चव द्यायची, असे मी ठरवले. त्यासाठी पुण्याहून सहा काचेचे पेले मागवले.

पहिल्या रविवारी अकरा माणसे आली. अकराही जणांनी पेल्यांकडे पाहिले आणि एकानेही हात पुढे केला नाही.

“ह्यो प्याला कुनाकुनाच्या तोंडाला लागनार?” सोनबाने विचारले.

“प्रत्येक वेळी धुऊन घेऊ.”

“धुतला म्हंजे लागल्यालं त्वांड निघतंय व्हय?”

मी तर्कशास्त्र हा विषय घेऊन पदवी मिळवली आहे. त्यात या प्रश्नाचे उत्तर नाही.

तात्याबा जळोचीचे मोठे बागाईतदार. त्यांच्या पेरूंना पुण्याच्या बाजारात नावाने मागणी. त्यांनी माझी अडचण ओळखून पेला हातभर उंच धरला आणि तांब्यातले पाणी पितात तशी वरून धार सोडली. धार आधी नाकात गेली, मग मिशीत, मग नव्या कोऱ्या धोतरावर. त्या दिवशी नव्या मालाची चव फक्त तात्याबांच्या मिशीने घेतली, आणि मिशीला मत विचारता येईना.

“बोर्ड लावा, मोहनराव,” दुसऱ्या दिवशी सोनबाने मशीन थांबवून सल्ला दिला. “बोर्डाबिगर बारामतीत मानूस मेल्यालं बी कुनाला कळत न्हाय. वाचलं की येत्याल. शिकल्याली मानसं येत्याल. त्यास्नी उष्ट्याचं काय वाटत न्हाय.”

हा सल्ला मला पटला, कारण त्यात मला लिहायला मिळणार होते. चार दिवस मी त्या मजकुरावर घालवले. अनावश्यक शब्द एकेक करून खुडून टाकले. शेवटी उरले ते असे : ‘नवे आगमन. नीरेची सांज, काचेत साठवलेली. एकदा चव घ्या, मग बोला.’ माझ्या मते बारामती तालुक्यात या दर्जाचे गद्य फळीवर कधी रंगवले गेले नव्हते.

रंगवले जोतीराम रंगाऱ्याने. तो मूळचा बैलगाड्यांची चाके रंगवणारा. अक्षर रस्त्यापलीकडच्या बैलालाही वाचता आले पाहिजे, असे त्याचे मत. त्याने ‘नीरेची’ हा शब्द हातभर लाल अक्षरांत काढला. मग फळी संपत आल्याचे त्याच्या ध्यानात आले, म्हणून ‘सांज, काचेत साठवलेली’ एवढे निळ्या रंगात मुंगीएवढे लिहिले. पुढे पुन्हा उमेद येऊन ‘चव घ्या’ हे दोन शब्द लालभडक केले; बाकीचे सगळे निळ्यातच गेले. बोर्ड टांगल्यावर मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिले. निळे सगळे फळीत विरघळून गेले होते आणि लाल तेवढे उरले होते :

‘नीरेची चव घ्या.’

“झ्याक दिसतंय,” जोतीराम म्हणाला.

आठव्या दिवशी इंदापुराहून नोटीस आली. आमच्या भागाचे आबकारी इन्स्पेक्टर त्या काळी इंदापुरात बसत. नोटिशीत दोन आरोप होते. पहिला : शिंदीच्या झाडांचा रस, म्हणजे नीरा, विनापरवाना विक्रीस मांडणे, झाडांची संख्या व ठिकाण सात दिवसांत कळवावे. दुसरा : औषधी मालास चव असल्याची जाहिरात करणे.

माझी पत्नी रतन हिने नोटीस दोनदा वाचली. “अहो, आता दादाला दौंडला काय लिहू?”

“लिही, कुंचला वाळत घाल. मी इंदापूरला जातो आहे.”

मी नमुन्याची एक बाटली फडक्यात गुंडाळून सर्व्हिस मोटारीत बसलो. पिंपळीलाच इंजिन तापून वाफ सोडू लागले. ड्रायव्हर पाण्यासाठी कालव्यावर गेला आणि माझ्या मांडीवरच्या फडक्यातून बाटलीचे तोंड बाहेर आले.

“काय हाय ते?” शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले.

“औषध आहे.”

“मग इंजनाला पाजा की थोडं. त्येची तब्येत तुमच्यापरीस नाजूक हाय.”

सगळी मोटार हसली. मी खिडकीबाहेरच्या उसाच्या तुऱ्यांकडे पाहत राहिलो. उपहासाच्या प्रसंगी निसर्गाकडे पाहावे, ही सवय मला कॉलेजपासून आहे.

खासनीस साहेब सडपातळ, स्वच्छ आणि अत्यंत प्रामाणिक गृहस्थ निघाले, आणि तेच माझे दुर्दैव. लाच खाणाऱ्या माणसाशी निदान बोलता तरी येते.

“झाडे किती?” त्यांनी विचारले.

“साहेब, झाडे नाहीत. ही नीरा म्हणजे नदी.”

“नदीचा परवाना आमच्याकडे नाही.”

“मी नदी विकत नाही. तिची सांज…”

“सांजा? शिजवलेल्या पदार्थांसाठी म्युनिसिपालिटीचा दाखला लागतो.”

“सांजा नव्हे, सांज. संध्याकाळ.”

“म्हणजे विक्री संध्याकाळी चालते.” त्यांनी तशी नोंद करायला टाक उचलला.

“ती उपमा आहे, साहेब! द्राक्षासवाचा रंग संध्याकाळच्या नदीसारखा आहे, एवढेच मला म्हणायचे होते.”

त्यांनी बाटली हातात घेतली, खिडकीकडे धरली, खाली ठेवली आणि पहिल्या आरोपावर एक सरळ रेघ ओढली. समासात लिहिले, ‘नदी.’ मग दुसऱ्या आरोपावर बोट ठेवले.

“औषधाला चव असते?”

“असते. वाईट असते.”

“मग ‘चव घ्या’ असे कोणता औषधविक्रेता लिहील?”

मी बाटली पुन्हा फडक्यात गुंडाळू लागलो.

“हे पाहा, मोहनराव,” ते शांतपणे म्हणाले. “लोक एखादी वस्तू चवीसाठी घेत असतील तर ती पेय. त्या पेयात मद्यार्क असेल तर ती दारू. दारूचा परवाना तुमच्याकडे नाही. चवीसाठी घेत नसतील तर ती वस्तू औषध, आणि त्याचा परवाना तुमच्याकडे आहे. तुम्ही तीन प्रतिष्ठित पंच जमवा. येत्या मंगळवारी मी बारामतीला येतो. माझ्यासमोर ते चव घेतील. चांगली लागली तर माल जप्त. वाईट लागली तर मोकळा.”

“आणि त्यांनी मतच दिले नाही तर?”

“रकाना कोरा राहिला तर चौकशी रद्द होते.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पण बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकही रकाना कोरा सोडलेला नाही.”

परत येताना मला कळून चुकले, की जे सुंदर आहे ते वाचवायचे असेल तर ते कुरूप आहे असे गावाकडून वदवून घ्यावे लागणार. असा पेच मी कवितेत पुष्कळ वेळा वाचला होता. तो कापडात गुंडाळून मांडीवर घेऊन बसण्याची ही पहिलीच वेळ.

बारामतीत सल्ले तयारच होते.

“त्यात काय!” सोनबा म्हणाला. “मी पंच व्हतो. कडू जहर हाय म्हनतो. थुकूनबी दावतो.”

“नको. खोटी साक्ष मी कोणाकडूनही घेणार नाही.”

रतनने दुसरी तोड काढली. “नमुन्याच्या बाटलीत मूठभर कडू काडेकिराईत भिजत घाला. मग जे बोलतील ते खरेच असेल.”

“नीरेच्या सांजेत काडेकिराईत!” मी ओरडलो.

“दौंडला ढेपा मोजताना सांज चांगली दिसते म्हणतात,” ती म्हणाली आणि आत गेली.

पण माझा निश्चय झाला होता. बाटली जशी आहे तशी उघडायची आणि पंचही असे घ्यायचे, की त्यांच्या जिभेबद्दल कोणी शंका घेऊ नये. तात्याबा तयार झाले. मिशीची भरपाई करायची होती. सोनबा स्वतःहून आला आणि हात जोडून म्हणाला की आपण खरे तेच बोलू. तिसरा मी मुद्दाम वडगाव निंबाळकरहून आणला, रामहरी गुळव्या. काहिलीत उकळणाऱ्या उसाच्या रसाचा एक थेंब जिभेवर ठेवून हा माणूस सांगे, की गूळ उतरवायला अजून किती वेळ आहे. आणि पंचक्रोशीतली गुऱ्हाळे त्या शब्दावर चालत. त्याला आणू नये, असे मला एकूण नऊ जणांनी सांगितले. हट्टाने मी त्यालाच आणला. वाईट म्हणायचे असेल तर ते जाणत्या जिभेने म्हणावे.

राहिला प्रश्न भांड्याचा. पेल्याला कोणी तोंड लावणार नाही, हे सिद्ध झाले होते. मंगळवारी सकाळी मी या विवंचनेत असताना रतन देवघरातून पळी आणि पंचपात्र घेऊन बाहेर आली.

“पळीने हातावर घाला. कुणाचे उष्टे कुणाला नको.”

मला ती युक्ती इतकी आवडली, की तिच्या पोटी काय दडले आहे याचा विचार करायचे मी विसरलो. साहेब दहाच्या मोटारीने आले. कागद पसरला. मी पंचपात्रात द्राक्षासव ओतले आणि पळी पुढे केली. तात्याबांनी उजव्या हाताचा द्रोण केला, त्याखाली डावा हात धरला, पळीभर घेतले, डोळे मिटून प्राशन केले आणि ओला तळहात डोळ्यांना लावून मस्तकावरून फिरवला. सोनबाने तेच केले. रामहरीनेही तेच केले.

आणि मग कोणीच काही बोलेना.

“तात्याबा,” साहेबांनी आता नाव घेऊनच विचारले, “चव कशी वाटली?”

“कशाची?”

“आत्ता घेतलेत त्याची.”

“तीर्थाची?” तात्याबांनी आश्चर्याने विचारले.

“ते तीर्थ नाही. तो नमुना आहे. क्रमांक चार.”

“आसंल, साहेब. पर पळीतनं आलं, पंचपात्रातनं आलं, वैनीनं देवघरातनं आनलं. हात डोस्क्यावरनं फिरवून झाला. आता मी त्याला गोड म्हनू का कडू म्हनू? उद्या देवानं इचारलं, तीर्थाला नावं ठिवलीस व्हय, तर तुमी येनार हाय का जबाब द्यायला?”

साहेबांनी टाक रामहरीकडे वळवला. “तुम्ही गुळवे आहात. तुमची जीभ प्रसिद्ध आहे.”

“जीभ काहिलीपाशी, साहेब,” रामहरी नम्रपणे म्हणाला. “तीर्थ घेताना आमी जीभ मधी आनत न्हाय.”

सोनबाला हे सहन झाले नाही. तो उठून उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणाला, “मोहनराव, माफ करा. कडू जहर म्हनतो म्हनून मी तुमास्नी बोललो व्हतो. पर आता कसं म्हनू? घरात लेकरंबाळं हायती.”

“अच्छा!” साहेब म्हणाले. “म्हणजे पंच पढवलेला आहे?”

“मी नको म्हणून सांगितले होते!”

“म्हणजे चर्चा झाली होती.” त्यांनी समासात एक बारीक फुली मारली. त्या फुलीने मला जेवढे घायाळ केले, तेवढे सगळ्या नोटिशीने केले नव्हते. खोटेपणा टाळण्यासाठी आपण आपले दौंड पत्करायला सिद्ध व्हावे, आणि शेवटी आपल्या नावापुढे लबाडीची फुली पडावी!

“पेल्यातून पुन्हा द्या,” साहेबांनी हुकूम केला.

“तीर्थावर दुसरं काय प्येत न्हाईत,” तिघेही एका सुरात म्हणाले. तिघांचे एकमत झाले असे हेच पहिले आणि शेवटचे विधान, आणि त्याला रकाना नव्हता.

एवढ्यात दारात छबूबाई उभ्या राहिल्या. एका हातात नारळ होता. मागे आळीतल्या सात-आठ बाया होत्या आणि त्यांच्या मागे आणखी कोणी कोणी येत होते.

“वैनी, तीर्थ वाटताय आन् आमास्नी सांगितलं न्हाईत?”

“कसले तीर्थ?” मी म्हणालो.

“आता बोर्डावर ल्हिवलंय न्हवं, नीरामाईचं! जोतीरामानं वाचून दावलं. नीरेची चव घ्या म्हनं. म्हनलं, माई एवढी बारा कोस चालून आली, आन् आपुन घरात बसावं?”

मी हे थांबवायला हवे होते. पण तीर्थासाठी पुढे आलेला हात रिकामा परत पाठवायचा नसतो, आणि रतन तर पाठवणारीच नव्हती. तिने माझ्या हातातली पळी घेतली. बघता बघता दुकानाच्या पायऱ्यांवर रांग लागली. बाया आल्या, बाजारातून परतणारे आले, मोटारीची वाट पाहणारे आले. पंचपात्र रिते झाले की रतन पुन्हा भरी. फळीवर फुले पडली, केळी पडली, तांदळाच्या चिमटी पडल्या. छबूबाईंनी नारळ बाटलीपुढे ठेवला.

“थांबा!” साहेब उठले. “मालाच्या बदल्यात वस्तू घेतली, की ती विक्री होते. हा नारळ कोणाला दिलात?”

“माईला.”

“मोहनरावांना नाही?”

“ह्यांचं त्वांड बघून कोन नारळ दील, साहेब?”

रांगेतून हशा पिकला. मी निसर्गाकडे पाहण्यासाठी वळलो, तर त्या बाजूला भिंत होती.

साहेब आता रांगेच्या कडेने चालू लागले. प्रत्येकाला तेच विचारत, “चव कशी वाटली?” एक म्हातारी म्हणाली, बरं वाटलं. एक बाई म्हणाली, समाधान झालं. एकाने साहेबांनाच विचारले, तुम्ही घेतलं का. “समाधान ही चव नव्हे,” साहेब पुटपुटले आणि कागद हातात धरून परत खुर्चीत येऊन बसले. त्यांच्या शुभ्र कपाळावर घाम आला होता.

सगळे माझ्या बाजूने चालले होते. सबंध आळीत माझ्याविरुद्ध एक शब्द निघत नव्हता. आणि माझे मन मात्र विझत चालले होते. ज्याच्या रंगासाठी मी चार दिवस शब्द खुडत बसलो, ते चाळीस माणसांच्या घशाखाली उतरले, आणि एका जिभेनेसुद्धा त्याला थांबवून, तू कोण, असे विचारले नाही. गटारात ओतले असते तर निदान गटाराचा रंग तरी बदलला असता.

रांग संपली. साहेबांनी कागद उलटला. मागल्या बाजूस बारीक टिपेत काहीतरी छापलेले होते. ते त्यांनी एकदा मनात वाचले आणि मग, प्रामाणिक माणूस असल्यामुळे, मोठ्याने वाचले :

“पंचांचे मत न मिळाल्यास तपासणी अधिकाऱ्याने स्वतः चव घेऊन नोंद करावी.”

रतनने पळी उचलली.

“पळी नको,” साहेब घाईने म्हणाले. त्यांनी आपल्या चामडी पिशवीतून खात्याचा मापाचा छोटा काचपेला काढला, रुमालाने पुसला आणि माझ्यापुढे धरला. मी बाटलीतून थेट त्यात ओतले. या एका माणसाच्या हातून ते तीर्थ होणार नव्हते, नमुनाही होणार नव्हते. ते जे आहे तेच होणार होते.

साहेबांनी पेला दाराच्या उजेडात धरला. मग एक घोट घेतला.

त्यांनी तो गिळला नाही. तोंडात ठेवला. त्यांच्या गालांवरच्या सरकारी रेषा एकेक करून ढिल्या होत गेल्या. ते समोर पाहत होते, पण समोर दिसण्यासारखे काही नव्हते. फक्त रस्ता, धूळ आणि फाल्गुनातले ऊन. किती तरी वेळाने त्यांनी तो घोट उतरू दिला.

नोंदीला एक घोट पुरे होता. त्यांनी दुसरा घेतला. आणि तिसऱ्याने पेला रिता केला.

मग त्यांनी टाक उचलला, दौतीत बुडवला आणि सातव्या रकान्यावर आणला.

सोनबाने माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवले. छबूबाईंनी माझ्या सदऱ्याची कड घट्ट धरली. रतन पळी छातीशी धरून मला डोळ्यांनी विनवत होती, आणि त्या डोळ्यांत सारे दौंड स्पष्ट दिसत होते. हा माणूस आयुष्यात खोटे लिहिणार नाही, हे मला ठाऊक होते. त्याच्याकडून एक अक्षरही निघाले नाही तरच आम्ही तरणार, हेही मला ठाऊक होते. मला काहीच करायचे नव्हते. फक्त गप्प राहायचे होते.

“साहेब,” मी विचारले, “कशी लागली?”

माझ्या मागे कोणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

खासनीस साहेबांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी टाकाचे टोक टिपकागदाने काळजीपूर्वक कोरडे केले, दौतीला झाकण लावले आणि कागदाची घडी घातली. घडी होता होता मला सातवा रकाना दिसला. तो कोरा होता. त्यांनी कागद आणि काचपेला पिशवीत ठेवले, टोपी घातली आणि गर्दीतून वाट काढत पायऱ्या उतरले.

मी उंबऱ्यापर्यंत धावलो.

“साहेब, एवढे तरी सांगा. कशी लागली?”

मोटार सुटायला अजून बराच अवकाश होता. तरीसुद्धा ते न थांबता, मान खाली घालून, मोटारस्टँडच्या दिशेने चालत राहिले.